तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आधी वर चढते आणि मग थेट समुद्रात उतरते. देवळामागच्या पायऱ्यांनी टेकडीवर गेलं की कातळाला पडलेली उभी फट दिसते. दोन्ही अंगांना कडे, मधून अरुंद पायऱ्या आणि तळाशी त्या फटीच्या मापाचा कापून ठेवलेला समुद्र. पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. खालच्या पायऱ्यांवर पाणी चढलं होतं. वरून आत्या ओरडली, "पंचांग न बघता पळालास ना? ये आता परत!"

आत्या श्रीवर्धनची. समुद्राची वेळ तिच्या बोटांच्या पेरांवर असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आमच्या आधीच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली होती; त्यातल्या पाऊणकीचा काही उपयोग असतो हे मला त्या पायऱ्यांवर समजलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही त्याच्यामागून तेवढीच रेंगाळते. हिशेबात पंचेचाळीस धरायची. वरची पाच मिनिटं किनाऱ्यावरच्या माणसांनी समुद्राला सोडून दिलेली.

दुसऱ्या दिवशी ओहोटी गाठून गेलो आणि खालचं जग उघडं पडलेलं पाहिलं. कड्याच्या पायथ्याशी खडकाचं रुंद, ओलं अंगण. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. इतका जड शब्द तोंडात घोळवत चाललं तर निदान पाऊल सावकाश पडतं. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग ढासळतो, कडा मागे सरतो आणि तळाचा खडक तेवढा उरतो. म्हणजे आपण ज्या वाटेवरून प्रदक्षिणा घालतो ती टेकडीच होती, समुद्राने खाऊन उरवलेली.

कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत. काही बोट जाईल एवढी, काही मूठ मावेल एवढी, मध्ये पातळ भिंती. पर्यटक त्यांना लाटांचं नक्षीकाम म्हणतात, पण लाटांपेक्षा मिठाचं काम त्यात जास्त. खारे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, ऊन पडलं की पाणी उडतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण कण सुटा करतात. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्याला पोखरतंय काय, तर आपण आमटीत घालतो ते मीठ! मी त्या भोकांत कान लावून पाहिला आहे. काही ऐकू येत नाही. एक खेकडा मात्र आत सरकला.

पुढे वळसा घातला की सावित्रीचं मुख दिसतं. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोट. बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट आहे. गाड्या, दुचाक्या, माणसं सगळे एकत्र. तीत बसून मागे पाहिलं की ही टेकडी फारच लहान वाटते. मला ते आवडत नाही, म्हणून मी पुढेच बघत बसतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं. आत्याच्या वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिची सुपारी मिरवते ती वाडी एका दुपारी मोकळं आभाळ दाखवू लागली. नवं रोप लावलं तर सुपारी लागायला काही वर्षं जाणार. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, तरी तिने रोपं लावून घेतली. नंतर मी हरिहरेश्वरला गेलो तेव्हा कड्यात काय बदललं ते शोधत बराच वेळ हिंडलो. काही ओळखू आलं नाही. एवढं वादळ त्याच्या वहीत एका ओळीचंही नसावं, याचा मला थोडा रागच आला.

आता फोनवर भरतीचं कोष्टक मिळतं, मिनिटासकट. तेही बघावं. पण फोन न बघता, पंचांगही न बघता, गर्दीच्या मागून खाली उतरणारी माणसं अजून दिसतात. तिथे माणसं बुडाली आहेत. सगळ्यात मोठी गर्दी महाशिवरात्रीला, आणि महाशिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. अमावास्या तोंडावर, म्हणून पाणी उधाणाचं. ऐन सकाळी, दर्शनाची रांग संपवून लोक पायऱ्यांकडे वळतात तेव्हा, खाली वाट नसते.

त्या दिवशी जाणार असाल तर आधी देवळात बसा, काळभैरवाला जाऊन या, जेवून घ्या. प्रदक्षिणेला दुपारी चारनंतर उतरा.