फियाट निघाली पुण्याला... ट्रकवर बसून!

तुमच्या ऑफिसात निदान एक तरी असा प्राणी असतोच, ज्याला कधीतरी एक जुनी, झकास क्लासिक गाडी घ्यायची असते. लंच टाइमला तो मोबाइलवर फोटो दाखवतो. कधी कोलकात्याची अँबेसेडर, कधी कोइमतूरची स्टँडर्ड हेरल्ड. गंमत म्हणजे मनासारखी गाडी आपल्या गावात कधीच मिळत नाही. ती कायम आठशे-हजार किलोमीटरवर उभी असते. आणि मग ऐन सौद्याच्या आनंदात प्रश्न पडतो, की ही बया घरी आणायची कशी?

‘चालवत आणू की! मस्त रोड ट्रिप होईल!’ हे सगळ्यांचं पहिलं उत्तर. माझ्या दादाचंही तेच होतं. त्यानं बंगळुरूच्या बसवनगुडीत १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी पसंत केली (किती रुपयांना ते इथे लिहिणार नाही, कारण वहिनी हा अंक वाचते) आणि लगेच प्रवासासाठी किशोरकुमारच्या गाण्यांची यादी करायला घेतली. बंगळुरू ते पुणे साधारण ८४० किलोमीटर. सगळा हायवे. अडचण काय?

अडचण बंगळुरूच्या एका मेकॅनिकनं दहा मिनिटांत दाखवली. गाडीखाली जाण्याआधी तो टायरपाशी उकिडवा बसला आणि कडेवरचे चार आकडे आम्हाला वाचायला लावले. २३१२. म्हणजे २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र म्हातारं. मग बॉनेट उघडून त्यानं पेट्रोलच्या नळीला चिमटा काढला. ती कडक झाली होती, बारीक भेगाही दिसत होत्या. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. १९७८ च्या नळ्या, वॉशर, कार्बोरेटरमधलं रबर यातलं काहीच त्यासाठी बनलेलं नाही. गरम इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे काय, ते सांगायला नकोच. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक, इंजिन १०८९ सीसीचं आणि मागून हॉर्न मारत येणारे सोळा चाकी ट्रक. जुन्या ड्रायव्हरांना उन्हात फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून गाडी पुन्हा सुरू करताना तुम्ही पाहिलं असेल, नाहीतर बाबांकडून ऐकलं असेल. तो रोमँटिक वाटणारा सीन सहा पदरी हायवेच्या कडेला करून बघा!

माझं मत विचाराल तर जुन्या गाडीची लांबची ट्रिप जरूर करावी, पण नवीन मालकानं पहिल्याच दिवशी नाही. आधी महिनाभर गावातल्या गावात तिची ओळख करून घ्यावी. कुठे कुरकुरते, कधी तापते, कशानं रुसते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एव्हरेस्ट चढायला कोणी जात नाही. दादाला हे पटायला दोन दिवस आणि मेकॅनिकचं लांबलचक एस्टिमेट लागलं.

तर ट्रक ठरला. त्यातही प्रकार आहेत. एकात पाच-सहा गाड्या बसतात तो बंद कंटेनर. स्वस्त पडतो, पण तुमची गाडी तो भरेपर्यंत कुठल्या तरी यार्डात पडून राहते आणि वाटेत दोन-तीनदा चढते-उतरते. दुसरा म्हणजे एकाच गाडीचा फ्लॅटबेड. आम्हाला तो कंटेनरच्या जवळजवळ तिप्पट सांगितला गेला. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं ‘चार दिवसांत डिलिव्हरी, काळजी नको’ म्हटलं आणि गाडी वाटेत कुठे आहे ते कळेल का, या प्रश्नावर नुसता हसला. तिथेच दादानं ठरवलं, फ्लॅटबेडच करायचा आणि आपण त्याच्या केबिनमध्ये बसून जायचं. ‘तू पण चल, तेवढंच लिहायला होईल तुला,’ म्हणाला. (गाडी गोव्यात असती तर आणखी एक भन्नाट पर्याय शोधता आला असता. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं कोलाड ते वेर्णा अशी खास मोटारींसाठी रो-रो सेवा चालवली. गाडी वॅगनवर, आपण डब्यात, भाडं मोटारीमागे ७,८७५ रुपये. बंगळुरूवाल्यांच्या नशिबात ते नाही.)

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण नेमका इथेच लोकांचा बाजार उठतो. मूळ आरसी बुक, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून जुन्या आरटीओची एनओसी, तिचा फॉर्म २८. एनओसी हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका. इन्शुरन्सची तर मजाच आहे. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत गाडी रस्त्यानं किंवा रेल्वेनं वाहून नेत असताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. पण जुन्या गाड्यांना बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी घेतात. तेव्हा ट्रकवर पडलेला ओरखडा तुमच्याच खिशातून! आम्ही पॉलिसी बदलून घेतली आणि मग चारही बाजूंनी फोटो काढले, किलोमीटरच्या आकड्यासकट.

आणि हो, ‘क्लासिक’ हा शब्द आपल्यासारख्या शौकिनांचा आहे, सरकारचा नाही. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २० हजार, आणि मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. आमची पद्मिनी अजून पन्नाशीच्या अलीकडे आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती नुसतीच म्हातारी.

गाडी विकणारे अंकल ऐंशीच्या आसपासचे. मुलं अमेरिकेत. तरुणपणी तीन वर्षं दादरला नोकरी केलेली, त्यामुळे मराठी थोडं थोडं येतं. बुकिंग करून किती वर्षं वाट पाहिली, गाडी दारात आली तेव्हा गल्लीत पेढे कसे वाटले, हे त्यांनी आम्हाला तिसऱ्यांदा सांगितलं. रात्री दहाला ट्रॅफिक कमी झाल्यावर फ्लॅटबेड आला. फळ्या खाली सोडल्या, ट्रकबरोबर आलेला पोरगा ऐटीत आमच्या गाडीत बसला आणि गिअर शोधू लागला. खाली काहीच नाही! पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. त्या पोरानं असली गाडी जन्मात चालवली नव्हती. दांडा ओढायचा किती, ढकलायचा किती, काही कळेना. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा खर्रर्र आवाज झाला आणि पायरीवर बसलेले अंकल उठले.

‘उतर बाबा तू,’ म्हणाले.

दादा म्हणाला, ‘अंकल, मी घेतो ना...’ पण त्यांनी ऐकलंच नाही. काठी माझ्या हातात दिली, सीट जरा पुढे ओढली आणि पहिल्या गिअरमध्ये, एकदाही न अडखळता, गाडी सरळ फळ्यांवरून वर नेली. इंजिन बंद केलं. खाली यायची मात्र घाई केली नाही. मिनिटभर तसेच आत बसून राहिले. ड्रायव्हरअण्णा पट्टे हातात घेऊन शांतपणे थांबले, तो पोरगाही गप्प. मग अंकल उतरले आणि काठी घेताना दादाला म्हणाले, ‘पोचल्यावर फोन कर. मधे पण कर.’

मग सुरू झाला आमचा प्रवास. ताशी पन्नास. एनएच ४८, म्हणजे आपला जुना एनएच ४. एरवी या रस्त्यावरून स्लीपर कोचमध्ये आपण झोपून जातो, पण ट्रकच्या केबिनमधून तो वेगळाच दिसतो. उंचावर बसलेले असतो, वेग कमी, आणि मागच्या छोट्या काचेतून दोन गोल हेडलाइट आपल्याकडे टक लावून बघत असतात. अण्णा हावेरीकडचे. कन्नड, हिंदी आणि थोडं मराठी अशी त्यांची मिसळ. त्यांनी आल्या आल्या गाडीवरचं कापडी कव्हर काढायला लावलं होतं. दादाला वाटलं, धुळीचं काय? अण्णा म्हणाले, वाऱ्यानं कव्हर फडफडतं आणि पॉलिश पेपरसारखं रंग घासतं. धूळ धुता येते. पटलं.

तुमकूर, सिरा झोपेतच गेले. हिरियूरजवळ अण्णांनी दोन तास डुलकी काढली. चित्रदुर्गला उजाडलं तेव्हा डोंगरांच्या कडेनं पवनचक्क्या फिरत होत्या. दावणगेरेला बेन्ने डोसा. त्याच्यावर इथे अर्धं पान लिहिता येईल, पण लोण्यानं बोटं माखलेली असताना दादा दर पाच मिनिटांनी उठून ट्रककडे बघत होता, त्यामुळे ऐश अर्धवटच झाली. डोशाच्या हॉटेलबाहेर एवढ्यात सहा-सात माणसं जमली होती. कोणी हात लावत नव्हतं, पण प्रत्येकाच्या घरात कधीतरी ‘फियाट’ होती. पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच. आपल्याकडे नाही का, हिच्या आधीच्या गुबगुबीत मॉडेलला अजूनही प्रेमानं डुक्कर फियाट म्हणतात!

खरं तर ही गाडी माहेरीच निघाली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, आणि या गाड्या बनायच्या मुंबईत, कुर्ल्याला. आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आता मुंबईत जन्मलेल्या कितीतरी पोरांनी त्या टॅक्सीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नसेल.

हुबळी-धारवाड ओलांडून बेळगावला पोचेस्तोवर रात्र झाली. अंकलचे तीन फोन झाले होते. पुढे वंटमुरी घाटात मागून ‘टक्... टक्...’ असा आवाज यायला लागला. दादाच्या चेहऱ्याचा रंग मी त्या अंधारातही पाहिला. अण्णांनी ट्रक कडेला घेतला, टॉर्च मारली. पुढचा उजवा पट्टा सैल होऊन लोंबत होता आणि गाडी चांगली चार बोटं सरकली होती. मागच्या चाकांना लावलेल्या लाकडी ठोकळ्यांनी तिला धरलं होतं, नाहीतर उतारावर काय झालं असतं याचा विचार आम्ही मुद्दाम केला नाही. पट्टा पुन्हा आवळला. वीस किलोमीटरवर पुन्हा सैल! त्या रात्री आम्ही संकेश्वरपर्यंत दर अर्ध्या तासाला थांबत गेलो. ‘यापेक्षा चालवत आणली असती तर...’ दादा म्हणाला. मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

उत्तर मिळालं सकाळी, कोगनोळीचा टोल आणि कागल मागे टाकून कोल्हापूरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर. पांढऱ्या मिशांचे, हाताला ग्रीस लागलेले एक काका चहाचा ग्लास घेऊन ट्रकभोवती फिरले.

‘काय भावा, फियाट न्हवं ही? इंजिन ओरिजिनल हाय?’

‘हो काका.’

‘आणि बांधलीया कुणी? बॉडीला कशाला आवळलंय रं? स्प्रिंग दबली की पट्टा ढिला पडणारच की! चाकं बांधा, चाकं.’

एवढं सोपं होतं. पट्टा बॉडीला किंवा चासीला बांधला की खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर खाली-वर होते आणि पट्टा ढिला पडत जातो. चाकावरून घेऊन ट्रकच्या फळीला आवळला, की गाडी वर हवी तेवढी डोलू दे, चाक जागचं हलत नाही. काकांनी स्वतः वर चढून चारही चाकं बांधून दिली. पैसे विचारले तर ‘चहा पाजा’ म्हणाले. तेव्हा मंडळी, ट्रक निघण्याआधी बाकी काही बघू नका, पण पट्टे कुठून गेलेत ते बघाच.

त्यानंतर किणी, कराड, सातारा असं सगळं सुरळीत. पट्टा एकदाही ढिला झाला नाही, दादा चक्क घोरला. खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूर आणि संध्याकाळी सहाच्या ट्रॅफिकमध्ये पुणं. शेवटच्या दहा किलोमीटरला लागलेला वेळ मी मोजला नाही.

सोसायटीच्या गेटबाहेर फळ्या खाली पडल्या तेव्हा गॅलरी भरल्या होत्या. दादा सीटवर बसला, बॅटरी जोडली, चावी फिरवली. घर्रर्र... आणि शांत. पुन्हा तेच. चौथ्यांदा वरून कोणीतरी ‘धक्का मारू का?’ असं ओरडलं. दादानं फोन लावला.

‘चोक किती ओढला?’ अंकलनी पहिलाच प्रश्न विचारला.

‘पूर्ण.’

‘पूर्ण नाही! अर्धा. आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढ. मग दहापर्यंत मोज.’

दादानं मोठ्यानं दहापर्यंत मोजलं. गाडी सुरू झाली. फोन चालूच होता, पलीकडून अंकल नुसता इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, ‘टॅपेटचा आवाज आहे जरा. बघून घे.’

आता नव्या नळ्या पडल्यात, टायरही बदललेत. आरटीओच्या फेऱ्या मात्र अजून चालू आहेत, रोड टॅक्स भरून एमएच नंबर मिळायचाय. तोवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ती रोज ‘व्हिजिटर’ म्हणूनच लिहिली जाते.