रिकाम्या प्लॉटचा ताबेदार

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं १९५५ साली. त्याच वर्षी पुण्यातल्या उकिरड्यांवर गाजर गवत अभ्यासकांच्या नजरेस आलं. कारखाना आणि हे गवत दोघांनी पुढे बरोबरीनेच जमीन धरली. पीएल-४८० कराराखाली आलेल्या अमेरिकी गव्हातून ते आलं, असं सर्रास सांगतात. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा, स्वारी त्याआधीच इथं मुक्कामाला होती.

स्वभावाने ते संधिसाधू. दाट गवताच्या माळावर त्याची डाळ फारशी शिजत नाही. चाकण औद्योगिक पट्ट्यात, महाळुंगे-निघोज्याकडे जेसीबीने रान उकरलं, मुरूम पसरला, तारेचं कुंपण घातलं आणि काम अडलं, की पहिल्या पावसात ते हजर! कागदावर प्लॉट कंपनीचा, ताबा मात्र याचा. रुजल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलतं. एकेका झाडाला हजारो बिया. ट्रेलरच्या चाकांना लागलेल्या चिखलातून त्या तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याने फुकट प्रवास करतात. मुळां-पानांतून झिरपणारं विष शेजाऱ्याचं बी रुजू देत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. चुकून खाल्लंच, तर दूध कडू होतं. माणसालाही सोडत नाही: परागांनी शिंका आणि दमा, अंगाला सतत लागलं तर खाज, पुरळ, सुजून जाड झालेली कातडी. गेटवरचा वॉचमन आणि बांधावर खुरपणाऱ्या बाया हे आधी भोगतात. केबिनमधल्यांना ते खिडकीतून हिरवंगार, बरंच दिसतं.

त्याचा खरा मित्र म्हणजे उशिरा येणारा कापणीवाला. फुलं पांढरी झाल्यावर ग्रास-कटर फिरवणं म्हणजे पेरणीच. शिवाय बुंधा राहिला की पुन्हा फुटवे. पावसाने जमीन मऊ असताना, फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. तेव्हाच त्याचं खतही करता येतं. गाजर गवतावर जगणारा झायगोग्रामा भुंगा मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला. तो पावसाळ्यात पानांची चाळण करतो, पण कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो. म्हणून त्याच्या भरवशावर नेमाने उपटणं सोडता येत नाही.

आणि उपटलेली जागा उघडी ठेवायची नाही. तिथं टाकळ्याचं बी फेकायचं. टाकळा दाट वाढून याला दाबतो. शिवाय कोवळ्या टाकळ्याची भाजी होते.