बटव्यातील भाषा

मराठी समीक्षेने निघंटूंकडे साहित्य म्हणून क्वचितच पाहिले आहे. ते ग्रंथ वैद्यांचे, असे मानून त्यांना बाजूस ठेवण्यात आले. कोशकारांनी त्यांतून शब्द उचलले, इतिहाससंशोधकांनी त्यांच्या कालाची चर्चा केली. परंतु एखाद्या वनस्पतीला नाव देताना भाषा नेमके काय करते, हा प्रश्न विचारावा असे फारसे कोणाला वाटले नाही. वास्तविक गुळवेलीसारख्या कुंपणावरच्या सामान्य वेलीची संस्कृत पर्यायनामे एकापुढे एक ठेवून वाचली, तरी एका वनस्पतीचे चरित्र हाती लागते. ती ‘छिन्नरुहा’, कारण तिचा तोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. ‘चक्रलक्षणा’, कारण खोड आडवे कापले असता आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. ‘कुंडली’, कारण ती आधाराभोवती वेटोळी घालते. ‘वत्सादनी’, कारण वासरे तिची पाने खातात. आणि या सर्वांबरोबर ती ‘अमृता’ही आहे. यांतील पहिली चार नावे पाहणाऱ्याची आहेत. त्या माणसाने वेल कापून पाहिली आहे, ती पुन्हा रुजेपर्यंत वाट पाहिली आहे, गोठ्याकडेही त्याचे लक्ष आहे. ‘अमृता’ हे मात्र स्तुतीचे नाव आहे. औषधी वनस्पतींविषयी गेल्या काही दशकांत मराठीत जे विपुल लेखन झाले, त्यात हे प्रमाण पालटले. निरीक्षणाची नावे गळून पडली आणि स्तुती तेवढी उरली. या पालटाचा संबंध केवळ शैलीशी असता, तर त्याची दखल घेण्याचे विशेष कारण नव्हते.

मराठी घरांत या ज्ञानाचे जे रूप प्रचलित होते, त्याला ‘आजीबाईचा बटवा’ हे नाव मिळाले. या नावात आता थोडी कौतुकाची आणि थोडी उपहासाची छटा मिसळलेली आहे. परंतु बटव्यातील वस्तूंपेक्षा त्या वस्तूंविषयी बोलण्याची जी रीत होती, ती अधिक लक्षणीय आहे. तान्ह्या मुलाच्या गुटीचेच उदाहरण घेता येईल. हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, सुंठ, मुरडशेंग, बाळहिरडा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम अशी सामग्री. ती कुटायची नाही, सहाणेवर दुधात किंवा पाण्यात उगाळायची. आणि तिचे माप तोळ्या-माशांत सांगितले जात नसे; ते वेढ्यांत सांगितले जाई. हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा एकच, मूल वाढेल तसे वेढे वाढवायचे, पोट बिघडले असेल तर हे कमी करून ते वाढवायचे. ‘वेढा’ हे परिमाण शब्दकोशात नीट सापडणार नाही. ते हाताच्या गतीत आणि सहाणेच्या खरबरीतपणात आहे. औषध, मात्रा, मूल आणि देणारी स्त्री यांना एकाच वाक्यात बांधणारे असे हे परिमाण होते. जायफळ झोप आणते हे सर्वांना ठाऊक असे. म्हणूनच त्याचा दुसरा वेढा घ्यायचा की नाही, याविषयी दुमत होत असे.

याचा अर्थ बटवा निर्दोष होता असा नव्हे. वेखंडातील बीटा-अ‍ॅसॅरोन या द्रव्याच्या अपायकारकतेमुळे अमेरिकेत 1968 मध्ये खाद्यपदार्थांतील वेखंडाच्या वापरावर बंदी आली, आणि बालरोगतज्ज्ञ आज पहिले सहा महिने मातेच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असे सांगतात. त्यांचे म्हणणे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. फणसावर विडा खाऊ नये, या कोकणातील निषेधालाही कोणता आधार आहे ते दाखवता येत नाही. प्रश्न बटव्यातील प्रत्येक विधान खरे होते की नाही हा नाही. त्या विधानांची घडण सशर्त होती. ‘अमुक वस्तू चांगली’ असे पूर्णविरामाने संपणारे वाक्य त्या बोलीत दुर्मिळ होते. कोणाला, केव्हा, कशाबरोबर, किती, ही चार पदे आल्याशिवाय वाक्य पुरे होत नसे.

ही वाक्यरचना घरात आली ती शास्त्रातून, की शास्त्राने ती घरातून घेतली, हे ठरवणे अवघड आहे. दोन्हीकडे ती आढळते एवढे खरे. हिरड्याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लवण सोडून पाच रस असलेले हे फळ आयुर्वेदाने इतके गौरविले की त्याची नावेच ‘अभया’ आणि ‘पथ्या’ अशी पडली. परंतु भावप्रकाशात त्याच हिरड्याचे जे ऋतुपरत्वे सेवन सांगितले आहे, त्यात तो एकटा कधीच येत नाही. वर्षाऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. एकच फळ, परंतु सहा ऋतूंत त्याची सहा वेगळी वाक्ये होतात. शिवाय हे परम पथ्यकर फळ कोणी घेऊ नये, याचीही यादी तेथेच आहे: प्रवासाने थकलेला, कृश, रूक्ष, उपवासाने क्षीण झालेला, पित्ताधिक्य असलेला आणि गर्भवती. गुणगान आणि निषेध यांच्यामध्ये तेथे पानही उलटावे लागत नाही. गुळवेलीचेही तसेच. वातासाठी ती तुपाबरोबर, पित्तासाठी साखरेबरोबर, कफासाठी मधाबरोबर, मलावरोधात गुळाबरोबर. ‘अनुपान’ या शब्दाला इंग्रजीत समर्पक प्रतिशब्द सापडत नाही, याचे कारण ‘बरोबर घेण्याची वस्तू’ एवढाच त्याचा अर्थ नसून औषधाला विशिष्ट रोग्याकडे वळवणारा तो दुवा आहे. व्याकरणात विभक्तिप्रत्यय जे करतो, ते येथे अनुपान करते, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

वनस्पतीची ओळख हा या ज्ञानाचा आणखी एक कठीण भाग. भारतासारख्या बहुभाषिक देशात एक नाव अनेक वनस्पतींवर आणि एक वनस्पती अनेक नावांखाली वावरत असते. ‘ब्राह्मी’ म्हटले की केरळातील वैद्यापुढे जी पाणथळ जागेतील जाड, बारक्या पानांची वनस्पती येते, ती महाराष्ट्रात अनेकांच्या डोळ्यांपुढे येत नाही. येथे गोल पानांच्या मंडूकपर्णीलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी अशांना ‘संदिग्ध द्रव्ये’ असे नाव दिले आहे. या संदिग्धतेशी झुंजण्याचा एक प्रचंड प्रयत्न सतराव्या शतकात मलबारात झाला. डच अधिकारी व्हान रीड याच्या पुढाकाराने सिद्ध झालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. त्याचा मूळ आधार होता ईळव समाजातील परंपरागत वैद्य इट्टी अच्युतन यांचे ज्ञान, आणि त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. छापील नागरीच्या अगदी प्रारंभीच्या नमुन्यांपैकी तो एक आहे. मराठी-कोकणी मुद्रणाचा इतिहास सांगताना धर्मग्रंथांची आठवण जितकी होते, तितकी झाडपाल्याच्या नावांविषयी दिलेल्या या साक्षीची होत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन वर्षे राबून आपण ही नावे आणि गुण सांगितले, असे ते वैद्य तेथे नमूद करतात. चित्राशेजारी मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांत नावे देण्याचा त्या ग्रंथाचा खटाटोप आजच्या वाचकाला पांडित्यप्रदर्शन वाटण्याचा संभव आहे. परंतु चुकीच्या झाडाची साल रोग्याच्या पोटात जाऊ नये, ही त्यामागील गरज अगदी व्यावहारिक होती.

फळांच्या बाबतीत तर परंपरा किती मोकळी होती, हे पाहण्यासारखे आहे. पेरू, पपई, सीताफळ, रामफळ ही सर्व मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती येथे रुजली असे सामान्यतः मानले जाते. तरीही राम आणि सीता यांची नावे त्यांना मिळाली, त्यांच्या थंड-उष्ण गुणांचे निर्णय झाले, निषेधही ठरले. गर्भवतीने पपई खाऊ नये हा निषेध त्यांपैकीच. कच्च्या पपईच्या चिकाचा गर्भाशयावर होणारा परिणाम पाहता तो निराधार म्हणता येत नाही. म्हणजे जे प्राचीन वाटते ते सर्वच प्राचीन नाही. नव्या फळाला खाऊन, पाहून, अनुभवून वाक्यात बसवण्याची क्षमता या बोलीत काही शतकांपूर्वीपर्यंत निश्चित जिवंत होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाक्यांची जागा याद्यांनी घेतली. दिनदर्शिकांची मागची पाने, नियतकालिकांच्या पुरवण्या, ‘घरगुती औषधे’ या शीर्षकाच्या पुस्तिका यांतून ‘आवळा: केस, डोळे, त्वचा, पचन व हृदय यांस हितकर’ अशा नोंदी छापल्या जाऊ लागल्या. यादीला क्रियापद लागत नाही. क्रियापद नसले की कर्ता लागत नाही, आणि कर्ता नसला की रोगीही नाहीसा होतो. शास्त्राचा आधार म्हणून पुढे आकडे आले. आवळ्याच्या 100 ग्रॅम गरात 600 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतून निघून अक्षरशः शेकडो लेखांत पोहोचला. त्याच संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या तक्त्यांत तो सुमारे 250 आहे. वाण, पक्वता आणि मापनपद्धती यांनुसार असे आकडे बदलतात, यात आश्चर्य नाही. आवळा त्यामुळे उणा ठरत नाही. परंतु नव्या तक्त्यांत पेरू त्याच्या फारसा मागे नाही, ही गोष्ट याद्यांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. पेरूला निघंटूचे वलय नाही, त्याचा अवलेह होत नाही, तो हातगाडीवर मीठ-तिखट लावून मिळतो. बहुधा म्हणूनच त्याच्या वाट्याला स्तुती कमी आली असावी. आणि आवळ्याभोवती असलेला ऋतूचा संदर्भही यादीने गाळला. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची चाल होती, ती नवे फळ येण्याच्या काळाशी जोडलेली. आता आवळ्याचा रस बाटलीतून बारमाही मिळतो.

एवढ्यावर हे थांबले असते, तर भाषेच्या ऱ्हासाविषयीची नेहमीची खंत म्हणून ते सोडून देता आले असते. 2020 मध्ये करोनाच्या साथीत तसे झाले नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ हे एकच विशेषण गुळवेलीला चिकटले आणि शहरी वसाहतींतील कुंपणे ओरबाडली गेली. जी वेल पूर्वी कडुलिंबावर चढलेली, जून खोडाची, ओळखणाऱ्याने आणलेली अशी पारखून घेतली जाई, ती बाजारातून जुड्यांनी येऊ लागली. घरोघरी तिचे तुकडे लवंग-दालचिनीसह उकळून रोज, महिनोन् महिने, निरोगी माणसांनी प्यायले. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती, यकृताला इजा झाली होती, आणि त्यांच्या तपासण्यांत आत्मप्रतिकारजन्य यकृतदाहासारखी लक्षणे दिसत होती. पुढील वर्षी देशातील अनेक रुग्णालयांतून तशाच नोंदी एकत्र झाल्या. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला; गुळवेल सुरक्षित आहे, तिच्या कुळातील दुसऱ्या, खोडावर गाठी असलेल्या जातीशी तिची गल्लत झाली असावी, असा त्याचा पक्ष होता. डॉक्टरांचे म्हणणे असे की, ज्यांच्या शरीरात प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती सुप्त असते, त्यांना तिला चेतवणारे द्रव्य अपायकारक ठरू शकते.

या वादाचा निकाल देणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे. तथापि दोन्ही पक्षांची भाषा त्याच्या परिचयाची आहे. मंत्रालय जे म्हणत होते तो ओळखीचा प्रश्न, संदिग्ध द्रव्याचा. त्याच्यासाठीच रंग भट आणि त्यांचे सहकारी दोन वर्षे राबले होते. डॉक्टर जे म्हणत होते तो ‘कोणाला’ हा प्रश्न, हिरड्याच्या निषेधांच्या यादीतला. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य खरे मानले, तरी ज्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर चालून जाते त्याच्यासाठी ती शुभवार्ता नाही, आणि ‘अमृता’ या नावात ही शक्यता सांगायला जागा नाही. त्या रुग्णांना वेल मिळाली, कृती मिळाली. किती दिवसांनी थांबायचे, हे सांगणारे वाक्य मात्र मिळाले नाही. बाजारात आज गुळवेलीच्या गोळ्या आणि रस पूर्वीइतकेच सहज मिळतात. मात्रेपुढे बहुधा ‘दिवसातून दोनदा’ असे छापलेले असते. त्यापुढे, अगदी बारीक टाइपात, ‘वैद्यकीय सल्ल्याने’ हे दोन शब्द असतात. अनुपानाचा रकाना नसतो.