एक अधिक आठ

या टर्मला हाऊसच्या फुटबॉल संघातली माझी ९ नंबरची जर्सी एका ज्युनियरला मिळाली. मला १४ नंबर आला. तोंडाने मी “येस सर” म्हणालो, पण त्या रात्री मेसमध्ये धड जेवलो नाही. दोन दिवस सरावात त्या ज्युनियरला एकही पास दिला नाही.

मग लायब्ररीत चिलीच्या इव्हान झामोरानोबद्दल वाचले. वाळवंटातल्या तांब्याच्या खाणींच्या गावात, कोब्रेसाल क्लबकडून त्याने सुरुवात केली. पुढे स्वित्झर्लंड, स्पेन, इटली, मेक्सिको असे देश फिरून शेवटी तो मायदेशी खेळला. १९९४ मध्ये रिअल माद्रिदचे नवे प्रशिक्षक व्हाल्दानो यांना तो संघात नकोच होता. तो रुसला नाही, क्लबही सोडला नाही. त्या मोसमात २८ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला. बार्सिलोनाला ५-० ने हरवले, त्यात तीन गोल त्याचे होते. माद्रिदने लीगही जिंकली.

नंतर इंटर मिलानमध्ये त्याचा ९ नंबर रोनाल्डोला गेला. याने १८ नंबर घेतला आणि १ व ८ यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह लावले. बेरीज नऊच!

माझ्या १४ ची बेरीज पाचच होते. पण शनिवारच्या सामन्यात पहिला पास मी त्या ज्युनियरलाच दिला. त्याने बॉल बारवरून बाहेर मारला आणि घाबरून माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, “कोई बात नहीं, फिर देता हूँ.”