भुशीच्या वाटेवरची गुळवेल

लोणावळा स्टेशनवर उतरून पावसाळ्यात भुशीकडे निघाले, की सगळ्यांची नजर धरणाकडे असते. वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेने बांधलेले हे धरण भरले, की पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते आणि भजी-चहाच्या टपऱ्यांवर झुंबड उडते. आम्ही मात्र वाचकांना सांगू, जरा रस्त्याकडेची कुंपणे आणि झाडांची खोडेही पाहा. मावळात अशा जागी गुळवेल चढलेली आढळते.

पाने हृदयाच्या आकाराची, लांब देठाची. जून वेल अंगठ्याएवढी जाड. साल कागदासारखी सुटते व आत हिरवे दिसते. आडवी कापली तर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. खालून तोडली तरी वरचा तुकडा दोऱ्यासारखी मुळे सोडून जगतो. अमृता हे तिचे दुसरे नाव तिला शोभते.

आयुर्वेदात औषधासाठी मुख्यतः हिचे खोड घेतात. घरी मात्र दोन-चार पाने आले व गवती चहाबरोबर उकळून कडू चहा करतात. २०२० च्या कोरोना साथीत हिचा रस, गोळ्या, पावडर यांना मोठी मागणी आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून कंपन्यांना विकली आणि चार पैसे मिळवले.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, असे म्हटले. गुळवेलीसारखीच, पण अंगावर खूप गाठी असलेली दुसरी वेलही असते.

आपण यातून काय घ्यायचे? ओळख पटल्याशिवाय पान उकळू नये. गरोदर भगिनींनी, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि मुख्य म्हणजे, रोज बुडेल म्हणून ताप अंगावर काढू नये. डेंग्यू की हिवताप, हे रक्त तपासल्यावरच कळते. कडू चहाने कळत नाही.

ज्यांना वेल हवी, त्यांनी जाणकाराकडून वीतभर काडी आणून जुन्या डब्यात लावावी. ती सहज रुजते. रानातली वेल मुळासकट ओरबाडायची गरज नाही, आणि दुकानातल्या महाग पावडरीचीही नाही.