खिशात मावणारे पिस्तूल : नाशिक, १९०९

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे, तेलंगणाच्या वेशीवरचे रेल्वे स्थानक. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर गेज मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला आणि धर्माबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे मनमाडशी जोडली गेली. मनमाडला गाडी बदलली की नाशिक जवळच. मराठवाड्यात या मार्गाची आठवण निघते ती बहुधा कापसाच्या गाठींसाठी. परंतु याच मार्गावरच्या औरंगाबादेत १९०९ साली चित्रकलेचे शिक्षण घेणारा एक कोवळा तरुण राहत होता. त्याचे नाव अनंत लक्ष्मण कान्हेरे. त्याच्या हाती पुढे आलेले शस्त्र बेल्जियन बनावटीच्या एका नव्या कल्पनेचे अपत्य होते, आणि ती कल्पना समजून घेतल्याखेरीज त्या डिसेंबरची रात्र नीट समजत नाही.

एकोणिसाव्या शतकात लपवून नेण्याजोगे शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्याच्या मध्यभागी काडतुसांचे गोल चक्र असते, आणि हे चक्रच वाहणाऱ्याचे गुपित फोडते. कापड कितीही जाड असो, फुगवटा दिसतोच. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने हे चक्रच काढून टाकले. काडतुसे एकावर एक रचून मुठीच्या पोकळीत बसवली, आणि नळीवरचा पोलादी भाग गोळीच्याच धक्क्याने मागेपुढे सरकून पुढचे काडतूस आपोआप वर येईल अशी योजना केली. लिएजजवळच्या एर्स्ताल येथील ‘फाब्रिक नास्योनाल’ या कारखान्याने १९०० सालचा त्याचा नमुना बाजारात आणला. त्याचा व्यास ७.६५ मिलिमीटर, मुठीत सात काडतुसे, वजन सुमारे ६२५ ग्रॅम. मुख्य गुण एकच : ते चपटे होते. फ्रेंच भाषेत तर ‘ब्राउनिंग’ हे विशेषनाम खिशातल्या पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले.

लांबवर अचूक मारा करण्यासाठी असले शस्त्र कोणी निवडत नाही. ते निवडतो तो, ज्याला सभ्य माणसांच्या गर्दीत सभ्य माणूस म्हणून शिरायचे आहे आणि ज्याचे लक्ष्य दोन-चार हातांवर असणार आहे. १९०४ साली हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर ऑयगेन शाउमानने याच नमुन्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या फलाटावर आन जुंग-गून या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमीला मारले, तेही याच नमुन्याने. नाशिकची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आत घडली. या तिघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो कारखान्याचा. साम्राज्ये वेगळी, भाषा वेगळ्या, पण युरोपातले एकच दुकानी उत्पादन सगळीकडे पोहोचले होते, ही गोष्ट क्रांतिकारकांच्या चरित्रांत फारशी येत नाही.

हिंदुस्थानात मात्र पिस्तूल ही ‘निवडून घेण्याची’ वस्तू नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होते. युरोपियनांना त्यातून सूट होती. म्हणून विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ च्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह पॅरिसमध्ये मिळवली आणि लंडनच्या ‘इंडिया हाउस’मध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईस धाडली. रौलट समितीच्या अहवालात हा तपशील आहे. पेटी पोहोचण्याच्या सुमारासच, २ मार्च रोजी, थोरले बंधू बाबाराव अटकेत गेले. जूनमध्ये त्यांना जन्मठेप झाली ती कविता छापल्याबद्दल. या खटल्याचा रोख नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर आला.

जॅक्सन हे संस्कृतज्ञ, लोककथा जमवणारे, मराठी बोलणारे अधिकारी. त्यांची बदली झाली होती, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग त्यांच्या निरोपासाठी लावला होता. निरोपाच्या नाटकाला गावातली प्रतिष्ठित माणसे येतात. तिथे कोण कोणाचे अंग चाचपणार? कान्हेरे प्रेक्षक म्हणून आत बसला. तो फसलाच तर पुढे व्हायला कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे तयार होते. जॅक्सन आत आले आणि अगदी जवळून गोळ्या सुटल्या. कान्हेरे जागीच पकडला गेला.

शस्त्र लपवणे सोपे झाले होते, त्याचा उगम लपवणे मात्र नाही. गावठी बनावटीच्या बंदुकीचा माग काढता काढता पोलीस थकले असते. पण परदेशी कारखान्याचे नवेकोरे पिस्तूल नाशिकच्या तरुणाकडे आले कोठून, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला, आणि त्याचे उत्तर थेट समुद्रापलीकडे नेत होते. अमीन माफीचा साक्षीदार झाला. गुप्ततेसाठी निवडलेली वस्तूच साऱ्या गुप्त मंडळाचा दुवा ठरली.

कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. सावरकरांना लंडनमध्ये १३ मार्च १९१० रोजी अटक झाली. डिसेंबरात कटाच्या खटल्यात पहिली जन्मठेप आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. ही दुसरी शिक्षा जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल, म्हणजे मुख्यतः त्या पेटीबद्दल होती.

जॅक्सन यांनी जमवलेली लोककथांची टिपणे मागे उरली होती. आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये छापून आला. कान्हेरेचे जन्मगाव कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले.