मामाचं मिग, माझा कॅमेरा

शुक्रवार, 26 सप्टेंबर 2025. पुण्यातलं ऑफिस, दुपारची मीटिंग, समोर प्रोजेक्टरवर कुणाचातरी एक्सेलचा तक्ता. तेवढ्यात मोबाइल थरथरला. वर्ध्याहून मामाचा फोटो. उघडून बघतो तर टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो! अर्ध्या स्क्रीनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कोपऱ्यात न्यूज चॅनेलची पट्टी, आणि मधे एक तिरकं, धुरकट, चांदीसारखं काहीतरी. खाली एकच ओळ : ‘आपलं विमान चाललं.’

त्या दिवशी चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं. 1963 मध्ये आलेलं विमान तब्बल 62 वर्षं हवाईदलात राहिलं. भारताने साडेआठशेहून जास्त मिग-21 वापरली, आणि त्यातली बरीचशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झाली. निरोपाच्या दिवशी हवाईदलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः मिग घेऊन उडाले. वर्ध्याच्या घरात मामा सोफ्यावरून उठून टीव्हीपुढे उभा राहिला आणि त्याने मोबाइलवर फोटो काढला.

मी पाच-सहा वर्षं हौस म्हणून विमानांचे फोटो काढतो. हार्ड डिस्कवर हजारो आहेत. पण त्या धुरकट फोटोइतका वेळ मी माझ्या एकाही फोटोकडे बघितला नव्हता.

खिडकीजवळची सीट

तुम्ही म्हणाल, वर्धा आणि फायटर विमानं? वर्धा म्हणजे सेवाग्राम, बापूकुटी, पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम, फार तर गोरसपाक. बरोबर आहे. वर्धा जिल्ह्यात हवाईदलाचा तळ नाही. पण नागपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे, आणि नागपूरचा विमानतळ नेमका वर्धा रोडला लागून.

लहानपणी आईबरोबर एसटीने नागपूरला जायचो तेव्हा माझी खिडकीची सीट ठरलेली. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी करत गाडी खापरीच्या पुढे आली की मी काचेला नाक लावून बसायचो. हवाईदलाच्या 44 स्क्वाड्रनची आयएल-76 विमानं तेव्हा सोनेगावला असत. चार इंजिनं, उंच शेपूट, राखाडी रंग. हवाईदलाने त्याचं नाव ठेवलंय ‘गजराज’, आणि खरंच, झाडांच्या वर नुसती शेपूट दिसली तरी हत्ती बसलाय असं वाटायचं. दिसायचं ते चार-पाच सेकंद. मग भिंत, टपऱ्या, ट्रक. त्या चार-पाच सेकंदांसाठी मी दोन तासांचा प्रवास सोसायचो. आता ते गजराज तिथे नाहीत, पण वर्धा रोडवरून जाताना मान आपोआप वळतेच.

फोटोग्राफीचं वेड तिथूनच आलं. चार सेकंदांत दिसलेलं कायमचं धरून ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

‘एक बी फोटो नाही?’

दिवाळीला वर्ध्याला गेलो. सकाळी मामाबरोबर सेवाग्रामच्या रस्त्यावर फिरायला निघालो. थंडी नुकतीच पडायला लागलेली, बाजूला पांढरी झालेली कपाशीची शेतं. मामा हवाईदलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होता. म्हणजे वैमानिक नाही, ज्याच्या सहीशिवाय वैमानिक जिना चढत नाही तो. आसामात तेजपूरला बरीच वर्षं काढली. नव्या वैमानिकांना तिथे मिग-21 एफएलवर तयार करायचे.

मी सहज म्हटलं, ‘‘मामा, तुमचे विमानाजवळचे जुने फोटो काढा ना बाहेर. स्कॅन करून देतो.’’

‘‘कुठले फोटो?’’

‘‘एकही नाही?’’

‘‘एक बी नाही. कॅमेरा गेटच्या आत न्यायचाच नसे. अन् काहून न्यावा? आमचं काम विमान उडवून द्यायचं, त्याचे फोटो काढायचं नाही.’’

वीस वर्षं रोज ज्या विमानाला हात लावला, त्याच्याबरोबर माणसाचा एक फोटो नाही. आज आपण कॉफीचा मगसुद्धा फोटो काढल्याशिवाय उचलत नाही!

घरात युनिफॉर्मवालाही फोटो नव्हता. त्याचं कारण आजोबा. आजोबा खादीवाले. रोज सकाळी सूत कातायचे, आणि गांधीजी 1936 मध्ये शेगावला राहायला आले ते कसं, पुढे त्याच शेगावचं सेवाग्राम कसं झालं, हे आम्हा नातवंडांना शंभर वेळा सांगायचे. थोरला मुलगा लढाऊ विमानांच्या नोकरीत गेला तेव्हा ते भांडले नाहीत. फक्त त्याविषयी कधी बोलले नाहीत. मामा सुट्टीवर आला की युनिफॉर्म ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. भिंतीवर गांधीजी, विनोबा, आणि चरख्यापुढे बसलेले आजोबा.

मामा चालता चालता म्हणाला, ‘‘त्यांचं बी खरं होतं. अन् माझं बी खोटं नव्हतं.’’

मी काही बोललो नाही. समोर बापूकुटीची कौलं दिसायला लागली होती.

बोर्ड दिसला की कॅमेरा बॅगेत

‘छायाचित्रण निषिद्ध’ हा बोर्ड मला अनेक वर्षं नुसती कटकट वाटायचा. एकदा एका तळाच्या कुंपणाबाहेर मी शहाणपणा केला. लांबची लेन्स लावून उभा राहिलो. दहा मिनिटांत जवान आला, कार्ड रिकामं करून घेतलं, नाव-पत्ता लिहून घेतला आणि अतिशय नम्रपणे घरी पाठवलं. मी आठवडाभर धुसफुसत होतो. ‘सॅटेलाइटवर सगळं दिसतं, मग माझ्या फोटोने काय होणार?’ वगैरे.

मामाला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, ‘‘तू विमान पाहतो. दुसरा कोणी पाहतो कोणत्या वेळी किती उडाली, खाली काय लटकवलं होतं, शेपटीवर कोणता नंबर.’’

वर्ध्याच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा देशातला सर्वात मोठा दारूगोळा डेपो आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, स्फोट झाले. लष्कराचे अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी त्यात गेले. कुंपणाआड जे असतं ते किती नाजूक असू शकतं, हे त्या रात्री आसपासच्या गावांनी अनुभवलं.

नियम साधा आहे. संरक्षण दलाच्या तळांचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत. पुणे किंवा गोव्यातलं दाबोळी, जिथे प्रवासी आणि लढाऊ विमानं एकच धावपट्टी वापरतात, तिथेही विमानाच्या खिडकीतून नाही. रील कितीही भारी होणार असली तरी नाही. मे 2025 मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना ही आठवण पुन्हा करून दिली.

मग काढायचे कुठे?

जिथे हवाईदल स्वतः बोलावतं तिथे. 2022 च्या नोव्हेंबरात नागपूरला वायुसेनानगरात, मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात एअर फेस्ट झाला. वर्ध्याहून पहाटे निघालो, वाटेत तर्री-पोहे हाणले आणि मैदानावर जागा धरली. सूर्यकिरणची लाल-पांढरी हॉक विमानं डोक्यावरून गेली तेव्हा माझं बोट शटरवर होतं आणि तोंड उघडं. पहिले साठ फोटो निव्वळ निळं आकाश! पण त्या दिवशी शिकलो ते सांगतो.

जेटसाठी शटर स्पीड हजारांशाच्या वर ठेवा. पंख्याच्या विमानाला आणि हेलिकॉप्टरला मात्र उलटं. तिथे सव्वाशे ते अडीचशेच्या दरम्यान या, नाहीतर पंखा थिजलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं. आकाश उजळ असलं की कॅमेरा फसतो आणि विमानाची काळी सावली हाती लागते, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. विमानाबरोबर कमरेतून वळा, नुसते हात फिरवू नका. आणि विदर्भात दुपारी लांबचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. जमिनीतून उठणाऱ्या गरम हवेने विमान पाण्यात बुडाल्यासारखं लिबलिबीत येतं. सकाळी नऊच्या आत जे मिळेल ते आपलं.

दुसरा मार्ग म्हणजे निवृत्त विमानं. ती पळत नाहीत, लपत नाहीत, आणि त्यांचं गुपितही उरलेलं नसतं. मुंबईकरांसाठी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एचएफ-24 मरुत आहे. भारतात डिझाइन झालेलं हे पहिलं जेट फायटर 1961 मध्ये पहिल्यांदा उडालं. पुणेकरांसाठी कॅम्पाजवळ सदर्न कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तिथे कारगिलच्या लढाईत वापरलेलं मिग-23 बीएन ठेवलंय. ही जात हवाईदलातून 2009 मध्ये निवृत्त झाली.

चुलतभाऊ

मी मामाला म्हटलं, ‘‘पुण्याला चला. मिगबरोबर फोटो काढू.’’

‘‘ते माझं मिग नाही. ते तेवीस.’’

‘‘पण मिगच ना?’’

‘‘चुलतभाऊ होय.’’ एवढं म्हणून तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच विचारलं, ‘‘महाराष्ट्र एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळते काय?’’

डिसेंबरातला रविवार. सकाळचं कोवळं ऊन. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. तिथल्या माणसाला आधी विचारून घेतलं, मग कॅमेरा काढला. माझ्या डोक्यात फ्रेम पक्की होती. विमानाचं टोकदार नाक, शेजारी मामा, छाती पुढे, नजर आकाशात. मासिकाच्या कव्हरसारखी.

मामा नाकाकडे गेलाच नाही. तो विमानाला हळूहळू फेरी मारायला लागला, डावीकडून, हात मागे बांधून. मग माझ्या लक्षात आलं. तो फेरी मारत नव्हता, तपासणी करत होता. उड्डाणाआधी ज्या क्रमाने बघायचं, त्याच क्रमाने. पंखाची कड. जोड. पॅनेलचे स्क्रू. एका जागी थांबून त्याने मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि पुढे गेला. शेवटी पोटाखाली वाकून वर बघत राहिला.

‘‘मामा, इकडे समोर या ना. तिथे चेहऱ्यावर सावली पडतेय.’’

‘‘अरे, समोरून त्याला वैमानिक पाहे. आमचं विमान हे असं, खालून.’’ त्याने पोटाकडे बोट दाखवलं. ‘‘तेजपूरच्या पावसात इथे पाठीवर पडून काम करायचो. तोंडावर तेल गळे. अन् ते परत येईपर्यंत जेवण जात नसे.’’

‘‘सगळी परत आली?’’

मामाने उत्तर दिलं नाही. मिग-21 च्या अपघातांबद्दल तुम्ही-आम्ही पेपरात वाचलंय, त्यावर सिनेमेही बघितलेत. पण सकाळी ज्याने शिडी काढून घेतली आणि अंगठा दाखवला, त्या माणसाच्या बाजूने मी ही गोष्ट कधी बघितली नव्हती. मी ज्या चार सेकंदांसाठी जगायचो ती त्याच्यासाठी फक्त सुरुवात असायची. त्यानंतरचा पाऊण तास आकाश रिकामं.

मी क्लिक केलं. पोटाखालून वर बघणारा मामा, अर्धा चेहरा सावलीत, आणि वर विमानाचा नुसता एक तुकडा. कंपोझिशनच्या हिशेबाने चुकीचाच फोटो. नाक नाही, शेपूट नाही, कुठलं विमान तेही कळत नाही.

मामाने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो मोठा करून बघितला. ‘‘हा दे छापून,’’ म्हणाला. ‘‘बाकीचे राहू दे.’’

संक्रांतीला वर्ध्याला गेलो तर तो फोटो भिंतीवर लागला होता. चरख्यापुढच्या आजोबांच्या शेजारी. दोघंही आपापल्या कामाकडे बघतायत. कॅमेऱ्याकडे कुणीच नाही.

जायचं असेल तर...

कसं जाल : वर्धा मुंबई-हावडा मार्गावर आहे. पुण्याहून थेट गाड्या आहेत. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या शेजारच्या सेवाग्राम स्टेशनवर थांबतात, तेव्हा तिकीट काढताना दोन्ही नावं बघा. विमानाने नागपूर, पुढे वर्धा रोडने दीड-दोन तास.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यातला वर्धा हा हौसेचा विषय नाही.

काय बघाल : सकाळी सेवाग्राम, संध्याकाळी पवनारला धाम नदीचा काठ. परतताना गोरसपाकाचे दोन डबे. एक ऑफिससाठी, एक लपवून ठेवायला.

विमानांसाठी : हवाईदल दिन 8 ऑक्टोबरला असतो. त्या सुमारास आणि हिवाळ्यात जाहीर होणाऱ्या एअर शोंवर लक्ष ठेवा, प्रवेशाचे नियम वाचूनच निघा. बोर्ड दिसला की कॅमेरा बॅगेत. आणि घरात कुणी हवाईदलातून निवृत्त झालं असेल, तर पहिला फोटो त्यांचा काढा. कुठून काढायचा, ते त्यांनाच ठरवू द्या.